तळणीच्या पदार्थांसाठी गव्हाविना आवरण

तळलेल्या पदार्थाची खुमारी पुष्कळ अंशी त्याच्या बाहेरील आवरणात असते. कोकणपट्टीत व गोव्यात सुरमईची तुकडी असो की बांगडा, तीस हळद, तिखट, मीठ व कोकमाचे आगळ लावून मुरवितात आणि मग रव्यात घोळवून तव्यावर तळतात. श्रावणात किंवा वाराच्या दिवशी मासळीची जागा नीरफणसाचे, सुरणाचे वा वांग्याचे काप घेतात, पण रवा तोच राहतो. शहरांतून कटलेट, पॅटिस व कोंबडीचे तुकडे यांस ब्रेडचा चुरा लावण्याची चाल आहे. रवा काय किंवा ब्रेडचा चुरा काय, दोन्ही गव्हाचेच. बहुतेकांस त्यापासून कोणताही अपाय होत नाही. परंतु ज्या घरात एखाद्या मुलास अगर मोठ्या माणसास गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही, त्या घरात तळणाचा दिवस उगवला की त्या एका माणसाचे ताट वेगळे पडते. वस्तुतः असे व्हावयास कारण नाही. गव्हावाचून उत्तम आवरण करता येईल अशी धान्ये महाराष्ट्राच्या प्रत्येक विभागात पिकतात. अडचण धान्याची नाही. ते धान्य गव्हाच्या स्पर्शावाचून तव्यापर्यंत पोहोचविण्याची आहे.

ग्लुटेन हे गहू, जव व राय या धान्यांत आढळणाऱ्या प्रथिनांचे सामुदायिक नाव होय. कणीक भिजविल्यावर तीस जो चिवटपणा येतो तो यामुळेच. सीलिअॅक नावाच्या विकारात हे प्रथिन पोटात गेले असता शरीराची संरक्षक यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरील सूक्ष्म लव झिजते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटणे, पोट फुगणे, वारंवार जुलाब होणे, औषध घेऊनही न हटणारा पंडुरोग ही त्याची नेहमीची लक्षणे होत. काही रोग्यांत मात्र बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतील झीज चालूच राहते. या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हे रोगी बालक सुधारू लागले, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पूर्ववत आजारी पडले. डिके यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. या विकारावर ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच आजही मुख्य उपाय आहे.

भारतात हा विकार गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील भागात अधिक आढळतो. दिल्लीच्या परिसरातील जी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तीत त्याचे प्रमाण सुमारे शंभरात एक असे निघाले. दक्षिणेकडे ते बरेच कमी आहे. येथे एक गोष्ट बजावून सांगणे आवश्यक आहे. रोगाची शंका आल्यास आधी डॉक्टरांकडून रक्ताची व आवश्यक तर आतड्याची तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत गहू बंद करू नये, कारण गहू आधीच सोडला तर तपासणीत रोग दिसत नाही. ज्यांना असा कोणताही विकार नाही त्यांनी केवळ ऐकीव माहितीवरून गव्हाची पोळी टाकण्याचे प्रयोजन नाही.

गव्हाचे आवरण कशाने चांगले होते?

पर्याय शोधण्यापूर्वी मूळ वस्तूचे काम समजून घेणे इष्ट होय. पदार्थ तापलेल्या तेलात पडला की त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडू लागते व पृष्ठभाग सुकून कडक होतो. रव्याचे कण कठीण व खरबरीत असल्याने हे कवच जाड व कुरकुरीत होते. मैद्याच्या पातळ भिजवणीत ग्लुटेनचे जाळे तयार होऊन ती पदार्थास घट्ट धरून राहते. म्हणजे गहू येथे दोन कामे करतो, एक कुरकुरीतपणा देण्याचे व दुसरे चिकटून राहण्याचे. पैकी पहिले काम तांदूळ गव्हाइतकेच, किंबहुना अधिक चांगले करतो. तांदळाच्या पिठाच्या आवरणात तेलही गव्हाच्या मानाने कमी मुरते. दुसऱ्या कामात मात्र तांदूळ उणा पडतो. नुसते तांदळाचे पीठ लावलेल्या तुकडीचे कवच तव्यावर सुटून येते अशी जी गृहिणींची तक्रार असते, तिचे मूळ येथे आहे. ही उणीव भरून काढण्याचे उपाय पुढे दिले आहेत.

कोणते धान्य निवडावे?

तांदळास पहिला मान द्यावा लागेल. त्यातही आवरणासाठी मोकळा शिजणारा व निदान सहा महिने जुना तांदूळ घ्यावा. नवा तांदूळ चिकट असतो आणि त्याचे कवच थोड्याच वेळात मऊ पडते. आंबेमोहोरासारखा सुवासिक तांदूळ मोदकाच्या उकडीसाठी राखून ठेवावा, तो तळणीत घालणे म्हणजे उधळपट्टी होय. या कामी खरी उपयुक्त वस्तू म्हणजे कणी. भात भरडताना जे दाणे मोडतात त्यांची कणी निघते, आणि बाजारात तिला अखंड तांदळाच्या मानाने फारच कमी भाव येतो. कोकणातील लहान शेतकऱ्याच्या घरी ती बहुधा कोंबड्यांस घातली जाते अगर पेजेत जाते. परंतु आवरणासाठी तांदूळ फोडावाच लागतो, त्यामुळे कणीत काही उणे नाही. फक्त ती ताजी, कोंडा पाखडलेली व खडे निवडलेली असावी. कोंडा राहिलेल्या कणीस लवकर खवट वास येतो. उकड्या तांदळाची कणी अधिक कठीण असते, म्हणून ती थोडी बारीक दळावी.

देशावर ज्वारी हे हाताशी असलेले धान्य. आवरणासाठी रब्बी ज्वारी घ्यावी, मालदांडी असल्यास उत्तम. खरीप ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, व तशा ज्वारीस बुरशीचा वास असतो. तो तळल्यानेही जात नाही. ज्वारीचे जाडसर पीठ तांदळाइतके कुरकुरीत होत नाही, परंतु त्यास एक प्रकारची खमंग चव येते आणि वांग्याच्या अगर कच्च्या केळ्याच्या कापांस ती फार शोभते. तांदूळ दोन भाग व ज्वारी एक भाग असे मिश्रण बहुतेक पदार्थांस चालते.

नाचणीचे पीठ एकटे वापरू नये. ते मुळातच तांबूस असल्यामुळे पदार्थ आत शिजण्यापूर्वीच बाहेरून भाजल्यासारखा दिसतो व गृहिणीची फसगत होते. तांदळाच्या तीन भागांस नाचणीचा एक भाग घालावा. नाचणीत शंभर ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे. परंतु तुकडीच्या आवरणात येणारी नाचणी ती किती! त्यासाठी भाकरी व आंबील यांवरच भिस्त ठेवावी. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते. दळल्यावर चार-सहा दिवसांत संपणार असेल तरच ती घ्यावी. वरीचे तांदूळ, म्हणजे भगर, जाडसर दळले असता रव्याच्या सर्वांत जवळ जातात आणि उपवासाच्या कापांस त्यांचा उपयोग करणाऱ्यांस हे ठाऊकच आहे. त्यांची किंमत मात्र अधिक पडते.

ब्रेडच्या चुऱ्याची जागा घेण्यास जाड पोह्यांसारखी दुसरी वस्तू नाही. पोहे कढईत मंद आंचेवर कोरडे भाजून कुरकुरीत करावेत व हातानेच चुरडावेत. त्यांची पूड करू नये, चपट्या कपच्या राहिल्या पाहिजेत. कटलेटास हा चुरा लावून तळल्यास कवच हलके व खुसखुशीत होते. ज्वारीच्या लाह्यांचा चुराही असाच वापरता येतो.

फसवी नावे

बाजारातून वस्तू आणताना नावांमुळे घोटाळा होतो, आणि या रोग्यांच्या बाबतीत तो महागात पडतो. रवा म्हटला की तो गव्हाचा. इडली रवा मात्र तांदळाचा असतो. तो चालेल, पण त्याचे कण फार मोठे असल्याने तसाच लावला तर दाताखाली खडा आल्यासारखे वाटते. म्हणून तो पुन्हा एकदा फिरवून घ्यावा. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत होणारा खपली गहू पचनास हलका म्हणून प्रसिद्ध आहे व त्यामुळे तो या रोग्यांसही चालतो असा समज पसरला आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. खपली, बन्सी, शरबती हे सारे गहूच असून प्रत्येकात ग्लुटेन आहे. कुरडयांसाठी काढलेल्या गव्हाच्या चिकाबद्दलही काहींचा असाच तर्क असतो की, चोथा काढून टाकल्यावर प्रथिन निघून गेले. बरेचसे प्रथिन चोथ्याबरोबर जाते हे खरे, पण घरगुती रीतीने काढलेल्या चिकात त्याचा अंश राहतोच.

याहून अवघड गोष्ट म्हणजे ज्या वस्तूंत गहू असेल असे मनातही येत नाही त्यांची. बाजारी हिंगात खडा हिंगाबरोबर बहुधा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू पडतो. सातूच्या पिठात गहू अगर जव असतो, थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात. सुट्या बेसनात स्वस्त पिठांची भेसळ होण्याचा संभव असतो, म्हणून हरभऱ्याची डाळ आणून घरीच दळणे श्रेयस्कर. पुडक्यातील मक्याचे पोहे, जे दुधात घालून खातात, ते नावाने मक्याचे असले तरी त्यांस पुष्कळदा जवाच्या माल्टची चव दिलेली असते. चिवड्यासाठी सुटे मिळणारे न तळलेले मक्याचे पोहे वेगळे, त्यांत माल्ट नसतो. मात्र सुट्या मालात शेजारच्या पोत्यातील काय पडले असेल याची खात्री दुकानदारही देऊ शकत नाही. पुडक्यावरील घटकांच्या यादीत गहू, मैदा, सूजी, जव, माल्ट यांपैकी एकही शब्द आढळल्यास ते पुडके परत ठेवावे.

पाच दाण्यांचा हिशेब

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थावर ग्लुटेनमुक्त असे लिहावयाचे, त्याच्या एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा किती सूक्ष्म आहे ते शेतकऱ्यास परिचित अशा हिशेबाने पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम भरते, म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅमचा झाला. त्याचा सुमारे दहावा हिस्सा ग्लुटेन धरला तर एका दाण्यात चार मिलिग्रॅम ग्लुटेन येते. यावरून एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे दळले गेले की मर्यादा गाठली. किलोभर ज्वारीत तीस हजारांच्या आसपास दाणे असतात. त्यांत पाच! मूठभर कणकेची तर गोष्टच नको.

हे पाच दाणे कोठून येतात? रब्बीत ज्वारी व गहू एकाच शिवारात, कित्येकदा एकाच शेताच्या दोन तुकड्यांत उभे असतात. मळणी यंत्र एकच असते व ते एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जाते. गव्हाची रिकामी पोती झटकून त्यांतच ज्वारी भरली जाते. घरातील माणसासाठी ज्वारी राखून ठेवावयाची असेल तर ती गव्हाच्या आधी मळून घ्यावी, यंत्र चालू ठेवून निघालेली पहिली पाटी-दोन पाट्या जनावरांसाठी बाजूस काढाव्यात आणि नवीन पोत्यात अगर धुतलेल्या पिंपात भरून त्यावर खूण करावी. वापरण्यापूर्वी ताटात पसरून दाणा दाणा निवडावा. ज्वारीत आणि तांदळात गव्हाचा दाणा आकारावरून सहज ओळखू येतो, भगरीत व नाचणीत तर तो चाळणीवरच राहतो. पिठात मात्र तो ओळखता येत नाही, म्हणून निवडण्याचे काम दळण्यापूर्वीच झाले पाहिजे.

निवडलेले धान्य घेऊन गृहिणी गिरणीत गेली की सारे श्रम पाण्यात जातात. गावात बहुधा एकच चक्की असते. तिच्या दगडांच्या फटींत, तोंडाच्या कापडी बाहीत आणि आसपास उडणाऱ्या धुळीत आदल्या दळणाचे पीठ असते, व ते दळण बहुधा गव्हाचे असते. दगडांस टाकी दिल्यानंतर कच निघून जावी म्हणून पहिला घाणा गिरणीवाला वेगळा काढतो. तसाच पहिला घाणा येथेही वेगळा काढला तर पिठातील गव्हाचा अंश कमी होतो, परंतु नाहीसा झाला असे म्हणवत नाही. भाकरीच्या पिठापुरता हा प्रश्न खरोखरच कठीण असून त्यासाठी स्वतंत्र घरघंटी अगर जाते यांवाचून भरवशाचा मार्ग नाही.

आवरणाच्या पिठाची गोष्ट निराळी आहे, व ती सोयीची आहे. भाकरीस बारीक पीठ लागते व ते रोज लागते. आवरणास जाडसर पीठ लागते व तेही थोडेच. चार माणसांच्या घरास आठवड्याकाठी पाव किलो पुष्कळ होते. एवढे व असे पीठ स्वयंपाकघरातील मिक्सरवर पाच मिनिटांत निघते. मिक्सरचे पीठ बारीक होत नाही हा एरवीचा दोष येथे गुण ठरतो. म्हणून या एका कामासाठी गिरणीची पायरी चढूच नये. मिक्सरचे भांडे मात्र ज्यात गहू वा रवा कधी फिरविला नाही असे असावे. चाळणीही वेगळी ठेवावी, कारण चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक कितीही धुतली तरी पूर्णपणे निघत नाही.

पीठ करण्याची रीत

अर्धा किलो कणी दोन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवावी. नंतर स्वच्छ पंचावर पसरून दोन-तीन तास सावलीत सुकवावी व जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर हलके परतावी. रंग बदलू देऊ नये, केवळ ओल जावी. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. एकसारखे फिरविल्यास भांडे तापून पीठ ओलसर होते. मग चाळून दोन भाग करावेत, खाली पडेल ते बारीक पीठ व वर राहील तो तांदळाचा रवा. वरच्या भागात अगदी मोठे कण असल्यास ते पुन्हा फिरवावेत. दोन्ही भाग वेगवेगळ्या डब्यांत घट्ट झाकण लावून ठेवावेत. कोरड्या हवेत महिनाभर ते चांगले राहतात. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांपुरतेच करावे.

हे दोन भाग करण्यात हेतू आहे. बारीक पिठाचा पहिला पातळ थर पदार्थाच्या अंगचे पाणी शोषून घेतो. त्यावर चिकटपणा देणारी भिजवण येते व शेवटी रव्याचा थर बसतो. जे काम मैद्यातील ग्लुटेन करते ते या भिजवणीने करावयाचे आहे. अंडे चालत असल्यास फेटलेले अंडे सर्वांत चांगले. ते नको असल्यास घरच्या डाळीचे बेसन व तांदळाचे बारीक पीठ समभाग घेऊन ताकाइतके पातळ भिजवावे. कोकणातील घरांतून तिसरा उपाय सहज होण्यासारखा आहे, तो म्हणजे गार झालेली दाट पेज. शिजलेल्या तांदळातील स्टार्च फुगून चिकट झालेला असतो, त्यामुळे कच्च्या पिठाच्या भिजवणीपेक्षा पेज अधिक घट्ट धरते. ती घोटून गुठळ्या मोडून घ्यावी व पदार्थावर अगदी पातळ हात फिरवावा. विदर्भात व मराठवाड्यात जवस मिळते. भाजून कुटलेले जवस चमचाभर घेऊन तीन चमचे पाण्यात पाव तास भिजविल्यास तेही असेच बुळबुळीत व चिकट होते.

तव्यावर तळावयाच्या सुरमई-बांगड्यास इतका खटाटोप लागत नाही. आगळ व मसाल्याचा ओलावा पुरेसा असतो. तीन भाग तांदळाचा रवा व एक भाग बारीक पीठ एकत्र करून त्यात तुकडी दोन्ही बाजूंनी दाबून घोळवावी आणि दहा-पंधरा मिनिटे ताटात तशीच राहू द्यावी. ही विश्रांती गव्हाच्या रव्यास दिली नाही तरी चालते, तांदळाच्या रव्यास दिलीच पाहिजे. त्या वेळात कण ओल घेऊन एकमेकांस धरतात. नंतर तवा चांगला तापवून तेल सोडावे, तुकडी ठेवावी, आणि खालची बाजू घट्ट होऊन आपोआप सुटेपर्यंत उलथणे लावू नये. कवच सुटण्याच्या तक्रारींपैकी निम्म्या या घाईने होतात. ओले बोंबील पाण्याने भरलेले असतात. ते चिरून, पसरून, त्यांवर पाट व वजन ठेवून अर्धा तास पाणी निथळू द्यावे, तरच आवरण टिकते. मांदेलीसारख्या बारीक मासळीस नुसते बारीक पीठ पुरे.

कटलेट, पॅटिस व कोंबडीच्या तुकड्यांस बारीक पीठ, भिजवण व पोह्यांचा चुरा असे तिन्ही थर द्यावेत. कढईतील तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे. तापमापक नसल्यास भिजवणीचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी न बसता लगेच वर येऊन फुलला की तेल तयार समजावे. थंड तेलात टाकलेला पदार्थ तेल पितो, आणि एकाच वेळी कढई भरून टाकल्यासही तेल थंड होऊन तोच परिणाम होतो. मिठाचा काही अंश भिजवणीत घालावा, कोरड्या चुऱ्यात घालू नये, अन्यथा चुरा ओल ओढून घेतो.

तेलाविषयी काटेकोर असावे. पुऱ्या, शंकरपाळे किंवा रव्याची तुकडी तळलेले तेल गाळले तरी त्यात गव्हाचे सूक्ष्म कण राहतात आणि उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही. हॉटेलांतून एकाच कढईत सर्व तळण चालते. तेथे तांदळाच्या पिठातील मासळी आहे असे सांगितले, तरी तिच्या आधी त्या तेलात काय तळले हे विचारल्याशिवाय रोग्यास देऊ नये. शिवाय पुष्कळ ठिकाणी तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळण्याची चाल असते. घरी तर सरळ मार्ग हा की, मासळीचे व कापांचे आवरण सर्वांसाठीच तांदळाचे करावे. एका माणसासाठी दुसरी कढई, दुसरे तेल, दुसरे ताट सांभाळताना केव्हातरी चूक होणारच, आणि त्या मुलाच्या मनास जे वाटते ते वेगळेच. चवीच्या दृष्टीने घरातील इतरांचे काही नुकसान होत नाही.

विक्रीसाठी

कणीचे हे पीठ महिला बचत गटांस व शेतकरी उत्पादक कंपन्यांस विक्रीयोग्य माल म्हणूनही करण्यासारखे आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारी व नाचणीच्या पिठांस शहरांतून मागणी वाढली असली, तरी तळणीसाठी म्हणून दळलेले जाडसर मिश्रण दुकानांतून क्वचितच दिसते. परंतु येथे एक भेद पाळला पाहिजे. तांदूळ व नाचणीचे आवरण पीठ असे लिहून विकणे वेगळे आणि ग्लुटेनमुक्त असे लिहून विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात रोगी त्या शब्दावर विसंबून माल घेतो. ज्या गटाच्या त्याच खोलीत शेवया, कुरडया व गव्हाच्या पिठाचे काम चालते, त्याने तो शब्द पुडक्यावर घालू नये, मग पिठात गव्हाचा कण मुद्दाम घातला नसला तरी.

ज्यांना तो शब्द घालावयाचा असेल त्यांनी स्वतंत्र खोली, स्वतंत्र चक्की, स्वतंत्र चाळण्या व कामाचे स्वतंत्र कपडे अशी व्यवस्था करावी. भात व ज्वारी शक्यतो गटाच्या सभासदांच्याच शेतांतून घ्यावी, म्हणजे मळणीच्या वेळी लक्ष ठेवता येते. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी अगर परवाना हवाच. प्रत्येक घाण्यास क्रमांक द्यावा, त्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवून एलायझा पद्धतीने ग्लुटेनची तपासणी करून घ्यावी व अहवाल हाती येईपर्यंत तो घाणा विक्रीस काढू नये. तपासणीचा खर्च नमुन्यामागे येतो, घाणा लहान असो वा मोठा. म्हणून दोन-चार किलोंचे घाणे न करता एका वेळच्या साऱ्या मालाचा एकच घाणा धरावा, तो नीट मिसळून घ्यावा आणि नमुना एकाच पोत्यातून न काढता सर्व पोत्यांतून थोडा थोडा काढावा. पुडके पाव किलोचे असावे. मोठे पुडके घरी उघडे राहते व त्याच डब्यात कणकेचा चमचा बुडतो.